अठरा वर्षांची बाग

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला निदान सहा महिने लेखणी हातात धरायला बंदी करावी, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. आठ दिवस लंडनला राहून तीनशे पानांचे पुस्तक लिहिणारे एक गृहस्थ आमच्या शेजारी राहत. त्यातली दोनशे पाने विमानतळावर हरवलेल्या पेटीबद्दल होती. तेव्हा एकवीस दिवस शांघायला राहून आल्यावर मी गप्प बसणार, हे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. मीही धरले होते. पण काही गोष्टी पोटात राहत नाहीत. वाचकांनी याला प्रवासवर्णन म्हणू नये, एवढी विनंती. ते ज्याचे त्याला कळेलच.

आमचे चिरंजीव गेली अकरा वर्षे शांघायला आहेत. यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. दर दिवाळीला फोन यायचा, "बाबा, या की आता." आणि दर दिवाळीला माझ्याकडे एक कारण तयार असायचे. एके वर्षी माझे गुडघे, दुसऱ्या वर्षी सौ.चा मोतीबिंदू, मग पासपोर्टाची मुदत, मग करोना. टपालखात्यात सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला कारणे शोधणे जड जात नाही. आम्ही ती तीन प्रतींत देत आलो आहोत. खरे कारण निराळेच होते, आणि ते मी कुणालाच सांगितले नव्हते. शेवटी गेल्या वर्षी नातीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आजोबा, मी यादी केली आहे." यादीपुढे कारकुनाचे काही चालत नाही. बँकॉकला विमान बदलून आम्ही दोघे ऑक्टोबराच्या मध्यावर शांघायला उतरलो.

विमानतळावरून गावाकडे नेणारी एक गाडी आहे, ती रुळांवर टेकत नाही. लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगत धावते. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटरांपर्यंत जात असे, आता तीनशेवर आणली आहे. तीस किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत संपले. सौ. म्हणाली, "अगं बाई, डबा उघडायलासुद्धा वेळ दिला नाही." तिच्या दृष्टीने ज्या प्रवासात दशम्या खाता येत नाहीत तो प्रवासच नव्हे. माझा मात्र ऊर भरून आला होता. माझे वडील मुंबईहून गावी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने किंवा एस.टी.ने, रात्रभर अंग आंबून जायचे. पण वडिलांचे पुढे येईलच.

नातीची यादी दहा कलमांची होती. प्रत्येक कलमापुढे एक चौकोन काढलेला. ठिकाण पाहून झाले, की ती त्यात खूण करणार. वय वर्षे दहा. मराठी बोलते ती आमच्याशी आणि चिनी बोलते ती साऱ्या गावाशी. भाजीवालीशी तिची घासाघीस चाललेली पाहून सौ.ला जे समाधान झाले, ते त्या गावातल्या कुठल्याही मनोऱ्याने झाले नाही.

आधी गावाची मांडणी सांगतो. शांघाय या शब्दाचा अर्थच मुळी 'समुद्रावर'. प्रत्यक्षात गावाच्या मधोमध वाहते ती हुआंगपू नदी. तिच्या पश्चिमेचे ते पूशी, पूर्वेचे ते पूडोंग. पूशी म्हणजे जुने गाव, पेढ्या, बँका, हॉटेले. पूडोंगला मात्र शेते, गोदामे आणि गोद्या होत्या. शांघायकर म्हणत, की पूडोंगच्या अख्ख्या खोलीपेक्षा पूशीतली एक खाट बरी. हे ऐकल्यावर मला गाव एकदम ओळखीचे वाटले; वाशीला पहिल्याने राहायला गेलेल्या माझ्या मेहुण्याला आम्ही अगदी हेच ऐकवले होते. १९९० साली सरकारने पूडोंग वसवायचे ठरवले आणि आज तिथल्या खोलीची किंमत विचारायचीही सोय नाही. मेहुण्याने वाशीची जागा आम्हाला ऐकवावी, तसे पूडोंग पूशीला रोज ऐकवत उभे असते.

यादीतले पहिले कलम 'शांघाय टॉवर'. उंची ६३२ मीटर, २०१५ साली बांधून पुरा झाला. त्याच्या अंगाला पीळ आहे. पिळलेल्या अंगावरून वारा निसटतो आणि भिंतींवरचा जोर कमी होतो, म्हणून तो पीळ. शेजारी दोन भाऊबंद, त्यातला एक ४२० मीटरांचा. दुसरा ४९२ मीटरांचा, आणि त्याच्या माथ्याला आरपार खिडकी. ती आधी वाटोळी करायची होती म्हणतात. पण वाटोळे भोक जपानी झेंड्यावरच्या सूर्यासारखे दिसेल म्हणून लोकांनी ओरड केली. चिनी माणसाच्या मनात जपानची लढाई अजून ओली आहे. खिडकी चौकोनी झाली आणि इमारत बाटली उघडायच्या चावीसारखी दिसू लागली. गावकरी या तिघांना स्वयंपाकघरातली आणि दवाखान्यातली नावे ठेवतात: चावी, इंजेक्शनची सुई आणि अंडी घुसळायचे यंत्र. सौ.ने पिळाच्या टॉवरकडे मान वर करून पाहिले आणि ठरवले, "ही आपली रवीच आहे."

रवीच्या पोटातून आम्ही एका मिनिटाच्या आत ११८ व्या मजल्यावर गेलो. सौ.चे डोळे मिटलेले, माझे कान बसलेले. दारे उघडली आणि चारी बाजूंना पाहतो तो काय, पांढरेशुभ्र धुके! गाव नाही, नदी नाही. तिकिटाचे पैसे भरून आम्ही ढगाच्या आत जाऊन आलो. नातीने तरीही प्रामाणिकपणे चौकोनात खूण केली. पुढे कंसात काहीतरी चिनीत लिहिले. मी अर्थ विचारला नाही.

यादीतली पुढची चार कलमे मी भराभर उरकतो, कारण पायांनीही ती तशीच उरकली. रेडिओ-टेलिव्हिजनचा गुलाबी गोळ्यांचा मनोरा रात्री पाहावा, दिवसा पाहू नये. कांशाच्या भांड्याच्या आकाराचे वस्तुसंग्रहालय निदान तीन दिवस पाहावे, आम्हाला तीन तास मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वीची काशाची भांडी अशी टवटवीत, की आमच्या सौ.ने एकाला 'घंगाळ' म्हणून ओळख दाखवली. जेड बुद्धाच्या देवळातल्या पांढऱ्या मूर्ती १८८२ साली ब्रह्मदेशातून आणलेल्या. त्यांच्यापुढे उदबत्तीच्या धुरात जरा वेळ घरच्यासारखे वाटले. आणि जुन्या फ्रेंच वस्तीत एका चौकात रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे. २०१० साली तो उघडला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी, त्या राष्ट्रपती होत्या तेव्हा. सौ. माहेरची खानदेशी. तिने पुतळ्याशेजारी उभे राहून काढलेला फोटो रवींद्रनाथांसाठी नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

पण बंदाची गोष्ट वेगळी. बंद म्हणजे पूशीच्या बाजूचा नदीकाठचा रस्ता. उण्यापुऱ्या दीड किलोमीटरात एकाला एक लागून घुमटांच्या, खांबांच्या दगडी इमारती. १८४२ च्या अफूच्या लढाईनंतर इंग्रजांनी हे बंदर उघडून घेतले आणि शंभर वर्षांत काठावर हे उभे राहिले. फोर्टात वाढलेला कुठलाही मुंबईकर इथे क्षणभर चकतो. १९२७ चे कस्टम हाउस, त्यावरचे मोठे घड्याळ. मला वाटले आत जाऊन हजेरीपटावर सही करावी. शेजारच्या बँकेची इमारत १९२३ ची. तिच्या आत शिरताच वरच्या घुमटात रंगीत खड्यांची चित्रे आहेत. बँकेच्या आठ शहरांची. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकिओ, हाँगकाँग, बँकॉक, शांघाय आणि... मी मान मोडेपर्यंत आठवे शोधले. कलकत्ता! मुंबई नाही! मुंबईच्या माणसाला परमुलखात याहून मोठा घाव कुठला? मध्यंतरी चाळीसेक वर्षे ही चित्रे गिलाव्याखाली दडवलेली होती, ती १९९७ साली सापडली. माझा तात्पुरता विचार असा झाला, की गिलावा तसाच राहिला असता तरी चालले असते.

आणि मग तो हिरव्या तांब्याच्या निमुळत्या टोपीचा वाडा दिसला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे ससून हाउस."

मी जागच्या जागी थांबलो. माझे वडील ससूनच्या गिरणीत साचेवाले होते. कोकणातून सोळाव्या वर्षी आले, परळला एका खोलीत बाराजण राहिले आणि बदलीवर लागले. ससूनांनी त्या गिरण्या १९४३ साली विकल्या, पाटीवर 'इंडिया युनायटेड' आले; पण वडील मरेपर्यंत 'ससूनची गिरणी'च म्हणत. मुंबईत ससून कुठे नाही? कुलाब्याची गोदी ससूनची, काळ्या घोड्याजवळची लायब्ररी ससूनची, पुण्याचा दवाखाना ससूनचा. बगदादहून पळून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससूनने पेढी काढली. तिची गलबते माळव्याची अफू आणि सूत भरून चीनकडे जात. एकट्या ससूनला कशाला बोल लावा? मुंबईतल्या कितीतरी नामांकित घराण्यांची पहिली पुंजी त्याच गलबतांनी आणली. त्याच ससूनांच्या पणतवंडांतला व्हिक्टर ससून मुंबईच्या गिरण्या सांभाळता सांभाळता शांघायकडे वळला आणि १९२९ साली त्याने हे हॉटेल उभे केले. तेव्हा त्याचे नाव 'कॅथे', आता 'पीस हॉटेल'. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ त, मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप चालला होता. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन निराळ्या प्रकरणांत येतात. मी त्या वाड्यापुढे उभा होतो तेव्हा त्या एकाच ओळीत आल्या.

आत गेलो. संगमरवर, पितळ, रंगीत काचेचा घुमट. तिथे संध्याकाळी म्हातारे वादक जॅझ वाजवतात. १९८० पासून हा ताफा आहे, आणि तो म्हाताऱ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाला हे ऐकून धीर येतो. चहाचा भाव पाहून आम्ही चहा न घेता बाहेर पडलो. पण निघताना भिंतीवरून मी हळूच हात फिरवला. वडील असते तर त्यांनी काय केले असते? बहुधा चपला बाहेर काढल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी नातीने आम्हाला जुन्या गल्ल्या दाखवल्या. दगडी चौकटीचे दार, आत चिमुकले अंगण, त्याला लागून दुसरे दार, तिसरे दार. गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या टोपल्या, वर बांबूंवर वाळत घातलेली धुणी. एका म्हातारीने दारात बसून शेंगा सोलता सोलता आमच्याकडे रोखून पाहिले आणि सौ.नेही तितक्याच रोखून तिच्या टोपलीकडे पाहिले. आमची चाळ आम्हाला इथे भेटली म्हणायला हरकत नाही. काही गल्ल्या मात्र आता दुकानांच्या झाल्या आहेत. दगडी चौकट तीच, आत कॉफी. परळच्या गिरण्यांच्या चिमण्या ठेवून आत बाजार भरवतात, त्यातलाच प्रकार. यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या कागदावर पहिली सही माझीच आहे. असो.

दहावे कलम रविवारसाठी राखले होते, कारण त्या दिवशी चिरंजीवांना सुट्टी. 'यू युआन' म्हणजे यू बाग. जुन्या गावठाणात आहे. बाहेर तळे, तळ्यात चहाची माडी, आणि तिच्याकडे जायला नऊ वळणांचा पूल. भुताला वळता येत नाही, सरळच चालावे लागते, अशी समजूत. म्हणून पूल वाकडा. टपालखात्यातले कितीतरी अर्ज याच तत्त्वावर फिरत असत हे मला तिथे उमगले. पुलावर पंढरपूरइतकी गर्दी. आत शिरल्यावर मात्र एकदम शांत. पाच एकर जागा, पण भिंती आणि दारे अशी रचली आहेत की बाग संपतच नाही. एका भिंतीवरून लांबलचक अजगर पसरावा तसा कौलांचा ड्रॅगन. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, म्हणून इथल्याला नखे कमी. हवेत कुठल्यातरी बारीक पिवळ्या फुलांचा वास होता. बकुळीचा नव्हे, प्राजक्ताचाही नव्हे, पण त्यांच्याच भावकीतला.

चिरंजीवांना चिनी वाचता येते. एका पाटीपुढे उभे राहून ते सांगू लागले. पान युनदुआन नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा बाप मोठा अधिकारी, निवृत्त होऊन गावी आलेला. म्हाताऱ्या बापाने सुखाने बसावे म्हणून पोराने १५५९ साली बाग लावायला घेतली. 'यू' या अक्षराचा अर्थच आईबापांना समाधान देणे. तेव्हा पोरगा परीक्षेत नापास होऊन घरी बसला होता, वेळ होता. पण तीन वर्षांनी पास झाला, नोकरी लागली, बदल्या झाल्या, थेट सेचुआनपर्यंत. आणि बाग राहिली अर्धवट. १५७७ साली नोकरी सोडून तो परत आला आणि मग नेटाने कामाला लागला. मधे गेली अठरा वर्षे. बाप फार थकला होता.

"नोकरी, बदल्या," चिरंजीव हसत म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीही तेच."

मला हसू येईना. समोर एक उंच, चाळणीसारखा छिद्रांनी भरलेला दगड उभा केलेला आहे. त्याला बहात्तर भोके आहेत, आणि खाली उदबत्ती लावली तर सगळ्यांतून धूर निघतो म्हणतात. त्याच्यापुढच्या बाकावर मी बसलो. म्हणालो, "अरे, तुला एक सांगायचं राहिलंय."

आणि सांगितले. माझ्या वडिलांना काशी पाहायची होती. एवढी एकच इच्छा. आयुष्यात त्यांनी माझ्यापाशी दुसरे काही मागितले नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा म्हणालो, कायम होऊ दे. कायम झालो तेव्हा म्हणालो, बदली होऊ दे. मग लग्न. १९७८ साली सरकारी प्रवास सवलत मिळाली. फॉर्मात अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही रकाना होता. मी वडिलांचे नाव लिहिले, वय लिहिले, आणि मग फॉर्म बदलून दुसरा भरला. आम्ही दोघे काश्मीरला गेलो. वडील म्हणाले, "जाऊन या रे पोरांनो, काशी कुठं पळून जातेय?" पुढच्या श्रावणात ते गेले. काशी पळाली नव्हती हे खरे.

"ज्यानं बापाला काशी दाखवली नाही त्यानं पोराच्या पैशानं शांघाय कुठल्या तोंडानं पाहावं? म्हणून येत नव्हतो."

चिरंजीव काही बोलले नाहीत. बोलली ती सौ. पाण्यातल्या लाल माशांवरची नजर न काढता म्हणाली, "शिकाऱ्यात बसून तोंड पाडलं होतंत ते काय मला दिसलं नव्हतं? पहिला फॉर्म तुमच्या ट्रंकेत आहे. दरवर्षी मी त्याखालचा कागद बदलते."

सेहेचाळीस वर्षे! आणि मी समजत होतो, की ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. नातीला हे म्हाताऱ्यांचे बोलणे कंटाळवाणे झाले असावे. ती दगडाची भोके मोजत होती. मग चिरंजीव उठले. बागेत पिवळ्या खडकांचा एक उंच डोंगर रचला आहे, त्याच्या माथ्यावर छत्रीवजा मंडप. त्याचे नाव 'नदी पाहण्याचा मंडप'. पूर्वी तिथून हुआंगपू दिसायची. आता भोवती इमारती झाल्या, नदी दिसत नाही. माझ्या गुडघ्यांनी तो डोंगर खालूनच पाहिला. चिरंजीव म्हणाले, "चला बाबा, नदी जवळून दाखवतो. यादीत नाही, पण चला."

काठावरून पूडोंगला जाणारी साधी होडी आहे, तिकीट दोन युआन. शहर पाहायला आलेले लोक सजवलेल्या मोठ्या बोटींत बसतात; या होडीत कामावरून परतणारे लोक, त्यांच्या विजेच्या दुचाकी, भाजीच्या पिशव्या. भाऊच्या धक्क्याचा वास येईल की काय असे वाटले. आला नाही, पण पाणी तसेच गढूळ होते. ऊन उतरले होते. मागे बंदावरचे घुमट, ससूनची हिरवी टोपी; पुढे ती चावी, सुई आणि रवी. आज धुके नव्हते. ज्या मजल्यावर आम्ही ढग पाहून आलो, तो खालून लख्ख दिसत होता.

गावी जाताना महाडजवळ सावित्रीचा पूल आला, की वडील झोपेतून उठून बसायचे, खिडकीतून पाच पैशांचे नाणे टाकायचे आणि हात जोडायचे. नदी कुठलीही असो, ती शेवटी गंगेलाच भेटते असे त्यांचे भूगोलाचे ज्ञान. होडी मध्यावर आली तेव्हा मी खिशातून एक युआनचे नाणे काढले, कठड्यावरून पाण्यात सोडले आणि हात जोडले. शेजारच्या भाजीवाल्याने माझ्याकडे, मग पाण्याकडे पाहिले.

"आजोबा," नात म्हणाली, "पाण्यात पैसे का टाकले?"

मला उत्तर सुचेना. चिरंजीवांनी खिसे चाचपले आणि एक नाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते उलटसुलट पाहिले, क्षणभर पाण्याकडे पाहिले, आणि मुकाट्याने आपल्या खिशात घातले.